गालातली सुपारी

विशाखापट्टणमच्या डोंगरावर एक राखीव जंगल आहे. त्याच्या फाटकावरचा पहारेकरी आम्हाला पाहून दोन पावलं मागे सरकला आणि त्यानं तोंडाला रुमाल लावला. त्याचं काही चुकलं नव्हतं. समोर आठ माणसं उभी, आठही रायपूरची, आठही मराठी आणि आठांचाही उजवा गाल टम्म फुगलेला. त्याला वाटलं, मध्य भारतातून गालगुंडाची साथ चालत चालत समुद्राला भेटायला आली आहे. तो तेलुगूत काहीतरी विचारू लागला. आमच्यातलं कोणीही हूं की चूं करेना. मग पुढे झाल्या बोकारे दीदी. त्यांनी गालातली सुपारी दोन बोटांनी काढली, त्याच्या नाकापुढे धरली, पदराला पुसली आणि पुन्हा गालात ठेवून दिली. फाटक उघडलं. असलं तिकीट त्या माणसानं जन्मात पाहिलं नसेल.

हा दीदींचा नियम होता. जंगलाच्या दारात त्या पितळेची चपटी डबी उघडायच्या आणि प्रत्येकाला त्याची त्याची सुपारी द्यायच्या. अख्खी, चिकणी, दगडासारखी. सुपाऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीवर सुरीनं वेगळी खाच केलेली. माझ्यावर आडवी रेघ होती, आमच्यातल्या सावजी भाऊंवर फुली, त्यांच्या बायकोवर दोन रेघा. बाहेर पडेपर्यंत ती गालात. बोललात की पडणार, चावलात की कळणार. बाहेर आलं की नळावर धुवायची आणि दीदींनी पुढे केलेल्या डबीत टाकायची. झाकण टक्कन लागलं की बोलायची परवानगी. मग आम्ही जे बोलत सुटायचो, त्यानं मागच्या डोंगरावरची माकडं घर बदलायची.

"तोंड बंद झालं ना, मंग डोळे आपसूक उघडतात," दीदी म्हणायच्या. "तुम्ही लोक जंगलात येऊन राहिले का हळदीकुंकवाले?"

गंमत म्हणजे या बाईचा जन्म बोलण्यात गेला होता. स्वतःच्या नाही, दुसऱ्यांच्या. दीदी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ज्या काळी रायपुरातून नागपूरला बोलायचं तर सकाळी कॉल लावून संध्याकाळपर्यंत फोनजवळ पाट मांडून बसावं लागे, त्या काळी अख्खा सदर बाजार दीदींच्या कानातून नागपूरला जायचा. कोणत्या सराफाचा भाव कधी पडणार, कोणाच्या पोरीला कुठून नकार आला, कोणत्या पुढाऱ्याची दुसरी चूल कोणत्या गावी, हे सगळं त्या कानात साठलेलं. दीदी एकदा जरी मनसोक्त बोलल्या असत्या, तर रायपुरातली निम्मी लग्नं मोडली असती आणि उरलेली निम्मी नव्यानं लावावी लागली असती. पण त्या कानाला दुसरं तोंड नव्हतं. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या बायकांनी हळद लावून, गूळ लावून, चुना लावून पाहिला. दीदींचं एकच उत्तर: "लाइन जोडली का कान काढून घ्यायचा."

लग्न त्यांनी केलं नाही. सगळ्यांचं आधीच ऐकून घेतलं होतं, त्याला त्या तरी काय करणार, असं सावजी भाऊ म्हणायचे. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी घरचा फोन कपाटात ठेवला, एक दुर्बीण घेतली आणि मातकट रंगाची दोन पातळं. पांढऱ्या कपड्याला जंगलात बंदी, अत्तराला बंदी, बांगड्यांना बंदी आणि चिवड्याला बंदी. ही शेवटची बंदी ऐकून आमच्या गटात जवळजवळ फाळणी झाली. मराठी माणसाला सहलीला चिवड्याशिवाय नेणं म्हणजे वरातीला नवऱ्याशिवाय नेणं. पण दीदींचं म्हणणं, चिवड्याचा आवाज कोसभर जातो. सावजी वहिनींनी एकदा पदराआडून पुडी सोडली, तर समोरच्या खाडीतले शंभर बगळे एकदम उडाले. खरं सांगायचं तर तीनच उडाले असतील, पण दीदींनी वहिनींकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेत शंभर होते. तेव्हापासून आमचा फराळ दशमी आणि मऊ लोणचं. काकडीसुद्धा नाही.

आता रायपूरकरांना समुद्राचं काय वेड, असं कोणी विचारेल. अहो, आमचा समुद्र तोच. संध्याकाळी आगगाडीत बसायचं, ओडिशातले डोंगर झोपेत ओलांडायचे आणि सकाळी डोळे चोळत खारं वारं अंगावर घ्यायचं. जुने रेल्वेवाले विशाखापट्टणमला अजून वाल्टेअर म्हणतात. बाकीचं रायपूर तिथं जाऊन किनाऱ्यावर उंटावर बसून फोटो काढायचं. दीदी आम्हाला किनारा दाखवतच नसत. शहरामागचं डोंगरी जंगल, खारफुटीची दलदल, पक्ष्यांची खाजणं, झाडांची जुनी बाग. ती शहराभोवतीची हिरवी किनार त्यांनी आम्हाला दर वर्षी शिवरात्रीच्या आगेमागे थोडी थोडी उलगडून दाखवली. "समुद्र काय, तुम्ही न बोलावताबी दिसतो," त्या म्हणायच्या. "जे बोलावूनबी येत नाही, ते पाहा."

आणि मग शेवटच्या पहाटे ती जागा.

तिचं नाव मी लिहिणार नाही. शहरापासून बरंच दूर, एका सुरूच्या बनामागे, लहानसा वाळूचा पदर आहे. तिथं रात्री समुद्री कासविणी येऊन अंडी घालून जातात आणि दीड-दोन महिन्यांनी, उजाडायच्या जरा आधी, वाळूतून तळहातापेक्षाही लहान पिल्लं बाहेर पडतात आणि समुद्राकडे चालू लागतात. रायपूरच्या तांदळाचं पोतं फुटावं आणि प्रत्येक दाण्याला पाय फुटावेत, तशी. ही जागा दीदींना दाखवली एका कोळणीनं. नाव काय कोणास ठाऊक, दीदी तिला अम्मा म्हणायच्या, म्हणून आम्हीही. काळीसावळी, उंच, नाकात दोन्ही बाजूंनी चमकी. पहाटे टोपली घेऊन ती बनाच्या तोंडाशी उभी असायची; कुत्री हाकलायची, वाट चुकलेली पिल्लं उचलून पाण्याच्या दिशेला ठेवायची. तिला ना मराठी येई ना हिंदी, दीदींना ना तेलुगू. पण दोघींचं जे जमलं ते एकाच पोटच्या बहिणींचं जमत नाही. दीदी दर वर्षी तिच्यासाठी रायपूरहून ठेठरी-खुरमीचा, आमच्याकडच्या खाऱ्या-गोड फराळाचा, डबा न्यायच्या. अम्मा तिथंच उघडून एक खुरमी तोंडात टाकायची आणि डोळे मिटायची. झाली भेट.

पहिल्या वर्षी, दाखवण्याआधी, अम्मानं दीदींच्या ओंजळीत ओली वाळू ठेवली, त्यावर स्वतःचा हात ठेवला आणि दुसरा हात स्वतःच्या ओठांवर. शब्द एक नाही. पण जिनं तीस वर्षं न बोलण्याची नोकरी केली, तिला दुसरं काय सांगायचं? दीदींनी मान हलवली. परत येताना गाडीत आम्हा प्रत्येकाला म्हणाल्या, "ही जागा माह्या वचनात आहे. तुमच्या नाही, माह्या. म्हणून सांभाळजो."

आता विन्या.

विन्या म्हणजे विनायक, तात्यापाऱ्यात दीदींच्या समोरच्या घरातला, पस्तिशीतला, दोन लेकरांचा बाप, विमा विकायचा. त्याचं तोंड असं की मेलेल्या माणसाला पॉलिसी विकून वर पुढच्या हप्त्याची तारीख घेईल. दीदींनी त्याला कसा काय बरोबर घेतला हे तात्यापाऱ्यातलं मोठं कोडं होतं. पहिल्याच सहलीत त्यानं सुपारी गिळली. शिंगवालं घुबड दिसलं, हा "दीदी ऽऽ" म्हणायला गेला आणि गडप! डोळे पांढरे, मान ताठ. दीदींनी त्याच्या पाठीत असा रट्टा दिला की घुबड उडालं, पण सुपारी काही आली नाही. पुढे गाडीत, धर्मशाळेत, अख्खा गट रोज सकाळी त्याची विचारपूस करायचा. "काय विन्या, काही बातमी?"

"हसून राहिले तुम्ही," विन्या म्हणायचा, "इथं माह्या जिवावर बेतलं!"

दीदींनी त्याला दुसरी सुपारी दिली. गिळता येणार नाही अशी मोठी शोधून. तिच्यावर त्यांनी चांदणीसारखी खाच केली. आणि तो बोलघेवडा माणूस खरोखर शिकला हो! वर्षा-दोन वर्षांत असा झाला की पानाआडचा पक्षी त्याला आमच्या आधी दिसायचा. दीदींची पिशवी तोच उचलायचा, थर्मास तोच, पुढे पुढे तर दुर्बीणही त्याच्याच गळ्यात. दीदी चालताना मागे न बघता नुसता हात मागे करायच्या आणि विन्या त्यात हवं ते ठेवायचा. अम्मा दोघांना एकत्रच ओळखायची. खुरमीतला तुकडा मोडून त्याच्याही हातावर ठेवायची. "माह्या मागं हा पाहील सगळं," दीदी एकदा मला म्हणाल्या. इतकं मोठं वाक्य त्यांनी कोणाबद्दल उच्चारल्याचं मला आठवत नाही.

मग नवं राज्य झालं आणि आमचं गाव त्याची राजधानी. आदल्या रात्री निजलो तेव्हा रायपूर होतं, सकाळी उठलो तर चौबे कॉलोनीतल्या प्रत्येक गेटवर पाटी. कोणी बिल्डर, कोणी सल्लागार, कोणी सल्लागाराचा सल्लागार. आमचा धोबीसुद्धा कपड्यांवर "राजधानी ड्रायक्लीन" अशी चिठ्ठी लावू लागला. लाल दिव्यांच्या गाड्या इतक्या झाल्या की रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना रजा दिली असती तरी चाललं असतं. या धामधुमीत विन्यानं विमा सोडला आणि सदर बाजारात एका कापडदुकानाच्या वर ऑफिस थाटलं. बाहेर हा मोठा बोर्ड: वातानुकूलित बस, घरचं जेवण, समुद्र, डोंगर, जंगल, पक्षी.

दीदी जिना चढून गेल्या. मी खाली दुकानात बायकोसाठी परकराचं कापड पाहत होतो, म्हणून ऐकलं.

"विन्या, धंदा कर. पोट आहे तुले. डोंगर दाखव, बागा दाखव. ते सगळ्यांचंच आहे."

"हव दीदी."

"अम्माची जागा नाही ना त्यात?"

"काय बोलून राहिल्या दीदी! तुमची शपथ. तुमच्या गळ्याची."

"माह्या गळ्याची नको घेऊ. तुह्या सुपारीची घे."

विन्या हसला. "चला, सुपारीची शप्पथ."

दीदी खाली आल्या त्या हसतच. जाता जाता मला म्हणाल्या, "निळं घे, पिवळं विटते."

त्या वर्षी विन्याला बस घेऊन जायचं होतं म्हणून तो आमच्याबरोबर गाडीनं आला नाही. दीदींचा हात सवयीनं दोन-तीनदा मागे गेला आणि रिकामा परत आला. शेवटच्या पहाटे आम्ही जीपमधून उतरलो, डबी फिरली, गाल फुगले. डबीत चांदणीची सुपारी एकटीच राहिली. सुरूच्या बनातून आम्ही पाय न वाजवता चाललो होतो. अजून अंधार होता. पण पुढे अंधार असायला हवा, तिथं तो नव्हता.

बनापलीकडे तंबू होता. तंबूवर बल्बांची माळ. कडेला बस, तिचे दिवे चालू. जनरेटरची घरघर, कढईत भजी, आणि चाळीस-पन्नास माणसं चहाचे ग्लास घेऊन उभी. निम्मी रायपूरच्या आमच्याच गणपती मंडळातली. चिवड्याच्या पुड्या उघड्या. आणि वाळूवर पिल्लं होती. समुद्र एका बाजूला काळा, शांत पसरलेला, आणि ती सगळी पिल्लं, एकूणएक, त्याच्याकडे पाठ करून बल्बांकडे चालली होती. उजेड म्हणजे समुद्र, एवढंच त्यांना आईच्या पोटातून कळलेलं असतं. कोणी पायाखाली पाहत होतं, कोणी नव्हतं. एक बाई ओरडत होती, "देखो देखो, मेरी चप्पल पे चढ गया!"

तेव्हा मी ऐकलं. बोकारे दीदींनी सुपारी थुंकली. सगळ्या आयुष्यात जंगलाच्या आत त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"विन्या! दिवे बंद कर!"

तो आवाज नागपूरपर्यंत तारेशिवाय गेला असेल. विन्या कढईमागून धावत आला.

"दीदी, दीदी, ऐका तर... पब्लिक मागून राहिली होती. म्हटलं पंधरा मिनिटं दाखवून आणतो. मी नाही आणलं तर दुसऱ्यानं आणलंच असतं ना!"

"दिवे."

बल्ब विझले. बसच्या ड्रायव्हरला शोधायला वेळ लागला; तो पाण्यात पाय सोडून बसला होता. तोवर दीदी गुडघ्यांवर बसून पिल्लं पदरात भरत होत्या आणि दुसऱ्या बाजूनं अम्मा टोपलीत. दोघी पाण्यापर्यंत जायच्या, रिकाम्या करायच्या, परत यायच्या. आम्हीही लागलो. पण त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. म्हणजे दीदी पाहत होत्या. अम्मा पाहत नव्हती.

उजाडल्यावर दीदी ठेठरी-खुरमीचा डबा घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बसकडे बोट दाखवलं, विन्याकडे दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान जोरजोरात हलवली. मी नाही, मी नाही. अम्मानं विन्याकडे पाहिलं. तिनं त्याला इतकी वर्षं कुठं पाहिलं होतं? दीदींच्या मागे, दीदींची पिशवी घेऊन, दीदींच्या हाताशी. 'मी नाही, माझ्या हातानं केलं' असं कोणी म्हणावं, तसं काहीतरी तिला वाटलं असेल. तिनं डबा हातात घेतला, उघडला नाही. वाकून दीदींच्या पायांशी वाळूवर ठेवला. मग ओंजळभर ओली वाळू उचलली, दीदींच्या डोळ्यांदेखत बोटांतून खाली सोडली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

एरवी मी सगळं वाढवून सांगतो हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. यातलं मी काहीच वाढवलेलं नाही.

परतताना आमच्यातले पाच जण विन्याच्या बसनं आले. जागा रिकाम्या होत्या आणि गरम नाश्ता होता. सावजी भाऊ म्हणाले, "झालं ते झालं, बसशी काहून भांडायचं?" मी दीदींबरोबर गाडीनं आलो. त्यात माझा मोठेपणा काही नाही, मला बस लागते. सबंध वाटेत दीदी खिडकीशी बसल्या होत्या. एकदाच बोलल्या: "तीस वर्षांत एक कॉल फुटला नाही रे माह्या हातून."

त्यानंतर त्या समुद्राकडे गेल्या नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार, एवढंच म्हणत. त्या गणपतीत मंडळानं विन्याचा सत्कार ठेवला, निसर्गप्रेमी म्हणून, आणि शाल कोणी द्यायची तर दीदींनी, असं कमिटीनं ठरवलं. हे सांगायला सावजी भाऊच गेले. दीदींनी त्यांना चहा दिला, बिस्किट दिलं, आणि दाराशी पोचवताना म्हणाल्या, "लाइन व्यस्त आहे म्हणून सांगजा."

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. डॉक्टरांनी मला साखरेमुळे चालायला सांगितलं होतं, म्हणून मी तळ्याकाठच्या बागेत जायचो. राजधानीला शोभेल असं नवं कारंजं तिथं बसवलं होतं, गाण्यावर नाचणारं. ते सुरू व्हायच्या आधी, सकाळच्या गारव्यात, दीदी रोज कोपऱ्यातल्या बाकावर बसायच्या. समोर पाण्यात एक वाळका ओंडका होता, त्यावर एक खंड्या यायचा. उजवा गाल फुगलेला. दीदींचा म्हणतोय, खंड्याचा नाही.

त्या सकाळी विन्या आला. हातात पेढ्यांचा बॉक्स. दुसरी बस घेतली होती. दीदींच्या पाया पडला आणि सुरू झाला, "दीदी, किती दिवस झाले, मी येऊन राहिलो होतो, पण हिंमत... दीदी, ऐका ना, मी काय म्हणतो..."

दीदींनी पदराखालून पितळेची डबी काढली आणि त्याच्यापुढे उघडली. मी पलीकडच्या गुलमोहराखाली होतो, मला स्पष्ट दिसलं. विन्यानं आत पाहिलं आणि थांबला. वर्षभर ती डबीत होती, चांदणीची. त्यानं ती उचलली आणि गालात ठेवली. दीदींनी बाजूला सरकून जागा केली.

दोघं बसले. खंड्या आला. विन्याला तो दीदींच्या आधी दिसला, मान त्याची आधी वळली. खंड्यानं सूर मारला, मासा आणला, ओंडक्यावर दोनदा आपटला, गिळला. दोघंही हलले नाहीत. मला क्षणभर वाटलं, मिटलं.

मग दीदी उठल्या. गेटकडे चालू लागल्या, विन्या मागे मागे, पूर्वीसारखा, पेढ्यांचा बॉक्स काखेत. गेटजवळच्या नळावर त्यांनी आपली सुपारी धुतली, डबीत टाकली. विन्यानंही आपली काढली, धुतली, हात पुढे केला.

झाकण टक्कन लागलं.

दीदी रस्ता ओलांडून तात्यापाऱ्याच्या दिशेनं गेल्या, मागे न बघता, दोन्ही हात पुढे डबीवर धरून. विन्या ओला तळहात तसाच पसरून उभा होता. त्याच्या खिशात मोबाईल वाजू लागला. त्यानं सुपारीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि ती परत गालात ठेवली. कारंजं सुरू झालं, गाणं लागलं, फोन वाजत होता, आणि तो रायपुरातला सगळ्यात बोलका माणूस गेटमध्ये गाल फुगवून गप्प उभा होता.